चौदा नंबरचा कप्पा

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना कॉलेजात बसायला खोली नव्हती आणि ठेवायला कपाटही नव्हते. ते तासिका तत्त्वावर शिकवत. जेवढे तास घेतील तेवढा वेळ ते कॉलेजचे, घंटा झाली की परके. त्यामुळे आपला सगळा संसार ते काखेत घेऊन फिरत: हजेरीपुस्तक, खडूची डबी आणि गुंडाळी केलेला एक जाड पडदा. वर्गात आल्याबरोबर तो पडदा ते दाराशेजारच्या दोन खिळ्यांवर टांगत. उलगडला की त्यावर शिवलेले चाळीस कप्पे दिसत आणि प्रत्येक कप्प्यावर निळ्या दोऱ्याने घातलेला आकडा. एक ते एकोणचाळीस आमचे, शून्य सरांचा. माझा चौदा.

त्या चौदा नंबरमध्ये वाजलेला एक फोन मी उचलला नाही आणि त्याचे परिणाम सरांनी भोगले. हे त्यांना सांगायचे धैर्य मला सहा वर्षे झाले नाही.

पडदा तागाच्या जुन्या साखरपोत्यांचा होता आणि सरांनी तो स्वतः शिवला होता. शिलाई सरळ होती. त्याचा त्यांना त्यांच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. उन्हे चढली की त्या तागाला मळीचा मंद, गोडसर वास सुटे. दुपारच्या तासाला मुंग्यांची एक रांग खिळ्यावरून उतरून कप्प्याकप्प्यांतून शांतपणे निघे. बावीस नंबरची मुलगी फोन काढताना आधी तो झटकायची. "सर, ह्या मुंग्यांना काय नियम नाही का?" तिने एकदा विचारले. सर गंभीरपणे म्हणाले, "त्यांच्याकडे फोन नाही. त्यांना सगळी मुभा."

प्राचार्यांनी सही-शिक्क्यानिशी लावलेली एक छापील सूचना प्रत्येक वर्गात होती: मोबाईल वापरास सक्त मनाई. आमच्या वर्गात त्या सूचनेखाली सरांची एक पाटी असे आणि तिच्यावर खडूने लिहिलेले त्यांचे स्वतःचे नियम. पहिला नियमच प्राचार्यांच्या सूचनेला अर्धा मान देऊन उरलेला अर्धा मोडणारा होता. फोन कप्प्यात ठेवावा, पण चालू ठेवावा.

"बंद कशाला करायचा?" पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला विचारले. "कोणी दारात आलं तर आपण त्याला ओट्यावर बसवतो का नाही? तसं. आत घ्यायचं नाही, पण हाकलायचंही नाही."

दुसरा नियम अधिक विलक्षण. फोन वाजला तर तो कापायचा नाही. ज्याचा असेल त्याने उठायचे, पडद्यापाशी जायचे, वर्गाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू येईल असे बोलायचे. तोवर सर जिथे असतील तिथे थांबत. हातातला खडू हवेत, समीकरण अर्धे, नजर खिडकीतून दिसणाऱ्या उसाच्या शेंड्यांवर. वर्गात अशी शांतता पसरे की पलीकडच्या माणसाचा श्वासही कळावा. मी निरीक्षणाच्या सवयीने या नियमाचे परिणाम पाहत असे. शेजारच्या वर्गात पूर्ण बंदी होती, तरी प्रत्येक बाकाखाली काही ना काही थरथरत असे. आमच्याकडे दोन महिन्यांत फोन जवळजवळ थांबले, कारण सगळ्यांसमोर बोलण्याइतके महत्त्वाचे फार थोडे असते, हे प्रत्येकाच्या घरी आपोआप पोचले. जे फोन येत ते खरोखरीचे असत. कोणाची म्हैस व्यायलेली असे. कोणाची बहीण पास झालेली असे.

शून्य नंबरही या नियमातून सुटला नव्हता. सर कोल्हारचे, थोरले भाऊ, वहिनी आणि प्रवरेच्या काठची शेती असे त्यांचे घर. त्यांचा बटणांचा जुना फोन वाजला की ते स्वतः पडद्यापाशी जाऊन आमच्याकडे तोंड करून उभे राहत. "बोला वहिनी. हो. मेथी का शेपू? हो, जुडी ताजी बघून आणतो." मग परत फळ्याकडे वळून ते ज्या शब्दावर थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरुवात करत. त्या मधल्या मेथीचा कसलाच डाग समीकरणाला लागलेला नसे.

कॅल्क्युलेटरलाही नियम होता. आधी वहीच्या समासात पेनाने अंदाज लिहायचा आणि मगच यंत्राला हात लावायचा. पेन्सिल चालत नसे. "अंदाज आधी, यंत्र नंतर," हे ते इतक्या वेळा म्हणत की प्रयोगशाळेत वजनकाट्यावर काही ठेवण्यापूर्वी आजही माझे ओठ हलतात. माझे अंदाज बरोबर येत आणि मला ते आवडे. मला पुढे संशोधनात जायचे होते आणि हे मी कोणापासून लपवत नसे. सरांचा तो पडदा मला त्या वयात थोडा गावठी वाटायचा. त्यांचे शिकवणे मात्र हवे असायचे.

आता मोटारीबद्दल सांगितले पाहिजे. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवावा हा हट्ट माझा. ही एक पेटी असते आणि तिच्यात स्वतःचे सिमकार्ड असते. पेटीत नोंदवलेल्या एखाद्या नंबरवरून त्या सिमला फोन लावला की मोटार सुरू होते. पेटीतला बाईचा आवाज तसे सांगतो, आणि फोन कापला नाही तर विहिरीवरचे आवाजही ऐकू येतात. पुन्हा फोन लावला की मोटार बंद. अनोळखी नंबरला पेटी दाद देत नाही. वडील दूध संघात कामाला. तिथे आत फोन नेता येत नसे. आईचा नंबर मी नोंदवला होता, पण तिने दोनदा मला लावायचा फोन मोटारीला लावला. एकदा तर त्या ध्वनिमुद्रित बाईशी ती बराच वेळ भांडली. "तू कोन बोलतीस? माझ्या लेकीचा फोन तुझ्याकं कसा?" इकडे सगळे पाणी रस्त्यावर. मी शास्त्रीय काटेकोरपणाने आईचा नंबर काढून टाकला आणि मोटारीची किल्ली म्हणून फक्त माझा फोन ठेवला. शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने येई; ती आली की आई मला फोन करी आणि वर्गातून मी मोटार सुरू करी. त्या वर्गात असे आम्ही सातआठ जण होतो. सर आम्हांला 'पाणीवाले' म्हणत.

आणि शनिवारची शेवटची दहा मिनिटे पाणीवाल्यांची असत.

त्या दहा मिनिटांची मला आजही स्वप्ने पडतात. खिडक्यांची दारे अर्धी ओढलेली असत. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात खडूची धूळ इतकी सावकाश फिरे की ती खाली येते आहे की वर जाते आहे हे ठरवता येऊ नये. सर एकाला उठवत. तो आपल्या शेतातल्या मोटारीला फोन लावी, स्पीकर सुरू करी आणि फोन टेबलावर ठेवी. "डोळे मिटा," सर म्हणत. मग आठदहा मैलांवरची एखादी विहीर वर्गात येई. आधी खटका. मग जड वस्तू झोपेतून उठावी तसा घोगरा आवाज, हळूहळू वर चढत एका पट्टीवर स्थिर होणारा. त्या पट्टीच्या मागे कधी साळुंक्या, कधी कोणाचे दूरवरचे खोकणे, कधी नुसता वारा. सर हळू आवाजात विचारत, "दाब कमी आहे का पुरेसा? आवाजावरून सांगा. पाणी धरलंय का कोरडी फिरतेय?" आम्ही मिटल्या डोळ्यांनी उत्तरे देत असू. एकोणचाळीस मुले बाकांवर बसून कुठल्याशा अनोळखी शेतात उभी असत. कोणी झोपलेच तर सर त्याला उठवत नसत. "मोटारीच्या आवाजात लागलेली झोप ही पाण्याजवळची झोप," असे काहीतरी पुटपुटत.

एका शनिवारी त्यांनी स्वतःच्या शेतातला प्रयोग मांडला. त्यांच्या पेटीत त्यांनी आमच्यापैकी पाच जणांचे नंबर नोंदवले. त्यांत माझा होता. नदीकाठच्या मोटारीपासून वरच्या मळ्यापर्यंत वीस फुटी साठ पाईप. मी इथून मोटार सुरू करायची, तिकडे वरच्या टोकाशी वहिनी दुसऱ्या फोनवर उभ्या. पाणी पोचायला किती वेळ लागेल? अंदाज आधी. मी पाईपची लांबी, पाण्याचा वेग, सगळे मनात धरले आणि समासात लिहिले, चार मिनिटे. माझ्या आकड्यावर माझा इतका विश्वास होता की मी त्याखाली रेघही ओढली.

मी फोन लावला. बाई म्हणाली, मोटार सुरू झाली. तेवढ्यात शून्य नंबरच्या फोनमधून वहिनी ओरडल्या, "आलं! आलं भावजी, लई जोरात आलं, माझं लुगडं भिजलं!"

वर्ग हसत सुटला. मी घड्याळाकडे पाहत राहिले. चार मिनिटे कुठे गेली? सर माझ्या बाकापाशी आले आणि समासातल्या रेघेवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाले, "पाईप रिकामा आहे असं तुला कोणी सांगितलं? खाली झडप असते. कालचं पाणी आतच उभं असतं. तू नुसतं ढकललंस."

त्याच वर्षी दिवाळीनंतर तपासणी समिती आली. सरांचे ते आठवे वर्ष. दर जूनमध्ये नवे नेमणूकपत्र, दर मार्चमध्ये निरोप. भौतिकशास्त्र विभागात एक पक्की जागा निघणार होती आणि प्राचार्यांनी त्यांना आमच्यासमोरच सांगितले, "समितीपुढचा तुमचा तास चोख झाला पाहिजे. तुमचं नाव मी पुढे पाठवतो. फक्त ती गोणपाटं काढा आणि त्या दिवशी फोन बंद."

फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायला सरांनी मला निवडले होते. समितीचे अध्यक्ष ज्या पुण्याच्या संस्थेत होते तिथेच मला जायचे होते, हे मी आधीच शोधून ठेवले होते. त्या सकाळी सरांनी पडदा लावला, पण म्हणाले, "आज पहिला नियम रजेवर. फोन बंद करून ठेवा. कोणाच्या घरून फोन यायचा असेल तर आत्ताच सांगा, मी त्याला बाहेर पाठवतो."

आमच्याकडे कांद्याचे रोप टाकले होते आणि ऊन कडक होते. पण त्या आठवड्यात लाईट दुपारची होती. माझ्या हिशोबाने बाराच्या आत फोन येणे शक्य नव्हते. हात वर केला असता तर फळा दुसऱ्या कोणाला मिळाला असता. मी हात वर केला नाही. फोन बंदही केला नाही, कारण रोपाची काळजी होतीच. तसाच चालू फोन चौदा नंबरमध्ये ठेवला आणि दोन्ही बाजूंनी आपण सुरक्षित आहोत असे स्वतःला पटवले.

अकराला दहा मिनिटे कमी असताना तो वाजला.

मी फळ्यापाशी होते, हातात खडू. मागे तीन पाहुणे आणि प्राचार्य. दुसरा नियम माझ्या पायांना पाठ होता. पाय उचलला गेला नाही. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. "कोणाचा फोन आहे?" वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होते कोणाचा. मी फळ्याकडे वळले आणि समीकरणाची पुढची ओळ लिहू लागले. माझे अक्षर त्या ओळीत विशेष सुबक आले आहे असे मला जाणवले.

सर पडद्यापाशी गेले. त्यांनी फोन काढला, वर्गाकडे तोंड केले आणि बोलले. "हॅलो. वर्गातून बोलतोय. नाही ताई, ती फळ्यापाशी आहे, मी तिचा सर. आली का लाईट? बरं. नाही, नाही, राहू कशाला द्यायचं? रोप आहे ना? थांबा, मी टाकतो मोटार." मग त्यांनी माझ्या फोनमध्ये मोटारीचा नंबर शोधला, लावला आणि कानाशी धरून उभे राहिले. नेहमीसारखीच त्यांची नजर खिडकीबाहेर, उसाच्या शेंड्यांवर. "सुरू झाली," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले आणि फोन परत चौदा नंबरमध्ये ठेवला.

"हा तुमचा फोन आहे का?" अध्यक्षांनी विचारले.

"वर्गाचा आहे," सर म्हणाले.

त्या प्रश्नानंतर मला बोलायला पुरेसा वेळ होता. मी तो मोजलाही असता. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिले. माझे उदाहरण बरोबर आले. त्यांनी माझे नाव विचारले आणि शाबास म्हटले.

दुसऱ्या दिवशी सर काही बोलतील, निदान चौदा नंबरकडे पाहतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी पडदा टांगला, पाटी उभी केली. पाटीवर एक नवा, सातवा नियम होता. 'मालक फळ्यापाशी असल्यास त्याचा फोन जवळच्या माणसाने उचलावा.' बावीस नंबरवाली माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, तुझ्यासाठी कायदा बदलला." त्या एका ओळीने मी नियमाप्रमाणे निर्दोष ठरले होते. मला रागावले असते तर सोपे गेले असते.

पक्की जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मार्चच्या शेवटच्या तासाला सरांनी पडदा खिळ्यांवरून काढला, मुंग्या झटकल्या, नीट गुंडाळी केली आणि ते एसटी स्टँडकडे चालत गेले. जूनमध्ये ते आलेच नाहीत. कोणी म्हणाले, पूर्णवेळ शेती बघतात. मी तेव्हा पुण्याला निघाले होते, त्याच संस्थेत.

गेल्या महिन्यात माझा प्रबंध पुरा झाला. ऋणनिर्देशाचे पान लिहायला घेतले आणि सरांच्या नावापाशी हात थांबला. खरे न सांगता त्यांचे नाव छापणे म्हणजे न घेतलेले मापन नोंदवहीत लिहिणे. प्रबंधावरचे माझे समारोपाचे व्याख्यान अकरा वाजता होते. पावणेअकराला मी सभागृहाबाहेरच्या जिन्यात उभी राहिले आणि इतकी वर्षे जपून ठेवलेल्या, सरांच्या त्या शून्य नंबरच्या फोनच्या क्रमांकावर फोन लावला. पहिले वाक्य मी पाठ केले होते.

पलीकडून बाईचा आवाज आला. "मोटार सुरू झाली आहे."

मला आधी काहीच कळले नाही. मग आईचे ते भांडण आठवले आणि मी एकटीच जिन्यात हसले. पेटीतले जुने सिम बंद पडले असणार आणि सरांनी आपलेच सिम तिच्यात घातले असणार. हा पहिला निष्कर्ष. दुसऱ्याला थोडा वेळ लागला. अनोळखी नंबरला पेटी दाद देत नाही. म्हणजे त्या शनिवारी नोंदवलेला माझा नंबर सहा वर्षांत कोणी काढलेला नव्हता. मी तर आईचा नंबर दोन चुकांनंतर काढून टाकला होता.

फोन कानाशीच होता. घोगरा आवाज वर चढून स्थिर झाला. पाणी धरले होते; दाब पुरेसा होता. मागे नदीकाठचा वारा आणि कुठलातरी एक पक्षी. मी डोळे मिटले. जिना, सभागृह, पुणे, सगळे बाजूला सरकले आणि तागाच्या पडद्याचा मळकट गोड वास आला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही; माझ्यासारखीने हे कबूल करणे सोपे नाही. कोणीतरी आतून हाक मारली तेव्हा मी फोन कापला आणि तशीच आत गेले. मोटार बंद करायची राहून गेली.

व्याख्यानाच्या मध्यावर, मी फळ्यापाशी असताना, टेबलावरचा माझा फोन वाजला. फोन बंद करायची सवय मला कधी लागलीच नाही. नंबर अनोळखी. पहिल्या रांगेत माझ्या मार्गदर्शक बाई होत्या. त्यांचा हात फोन शांत करायला पुढे आला. सातव्या नियमाप्रमाणे ते योग्यही होते.

"नको बाई, मी उचलते," मी म्हटले. टेबलापाशी गेले, सभागृहाकडे तोंड केले.

"पेटीचा मेसेज आला, ह्या नंबरवरून मोटार सुरू म्हणून," आवाज थोडा जाडावला होता, घाई नव्हती. "म्हटलं, आपली मोटार कोणी टाकली बघावं. चौदा नंबर ना?"

"हो सर." सगळे सभागृह ऐकत होते. पाठ केलेले वाक्य आठवले नाही. "सर, समितीच्या दिवशी वाजलेला फोन माझा होता. मी उठायला हवं होतं. निदान नंतर बोलायला हवं होतं. मी बोलले नाही."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

"कोणाचा होता ते माहितीय की," सर म्हणाले. "कप्प्यावर नंबर होता. तुझं रोप जगलं का, तेवढं सांगायची राहिलीस."

"जगलं, सर."

"मग झालं. आता एक सांग. तू मोटार टाकल्यावर वरच्या मळ्यात पाणी किती वेळात आलं असेल? अंदाज आधी."

माझ्या मागच्या फळ्यावर सहा वर्षांची समीकरणे होती. त्यांतले एकही लागणार नव्हते.

"लगेच, सर. पाईप भरलेलाच असणार."

"बरोबर," ते म्हणाले. "आता बंद कर बाई. वहिनी ओरडायला लागल्यात, वाफा फुटायला आलाय."

मी बाईंना म्हटले, एक मिनिट. आणि सगळ्यांसमोर, तोंड त्यांच्याकडेच ठेवून, शून्य नंबरला पुन्हा फोन लावला.